गोळ्या चालू आहेत, पण माणसं कुठून आणायची? (पुणे)

दुर्वा_वाकड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वय चाळिशीच्या पुढे. डिप्लोमा करून भोसरीला एका कंपनीत चांगला लागला होता, तेव्हाच आजार सुरू झाला. सुरुवातीची वर्षं वाईट गेली, ते सगळं आता उगाळत नाही. आज डॉक्टर चांगले मिळालेत, गोळ्या तो स्वतः वेळेवर घेतो, कित्येक वर्षांत अ‍ॅडमिट करावं लागलेलं नाही. नातेवाईक म्हणतात, "बरा आहे ना आता, मग झालं तर."

पण झालं काय? दहाला उठतो. चहा. पेपरात फक्त हवामानाची चौकट वाचतो. जेवण, झोप, संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या, टीव्ही, जेवण, गोळी. आई सोडली तर दिवसभरात कुणाशी बोलणं नाही. शाळेतले मित्र एकेक करून सुटले. लग्नकार्य निघालं की "त्याला कशाला उगीच दगदग" असं म्हणून त्याला घरी ठेवतात, आणि त्याच्यासाठी म्हणून आईही जात नाही. म्हणजे एकाचा आजार आणि दोघांचा एकटेपणा. आई-बाबा धनकवडीला असतात, दोघंही पंचाहत्तरीचे. मी वाकडला, नोकरी आणि मुलं सांभाळून रविवारी जाते.

पुण्यात दवाखान्याच्या बाहेर, गोळ्यांच्या पलीकडे, त्याला माणसं भेटतील असं काही आहे का? असाच आजार असलेल्यांच्या गटात न्यावं, की आपल्याच गल्लीत काही जमवावं? शेजाऱ्यांना किती सांगावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

टेकडीवाला

रोज पहाटे तळजाईला न्या. आठवड्याभरात चार ओळखी होतात. टेकडीवर कोण कुठला, काय करतो, असं कुणी विचारत नाही.

दुर्वा_वाकड

@टेकडीवाला, धन्यवाद. पण रात्रीच्या गोळीची झोप सकाळी नऊपर्यंत उतरत नाही त्याची. पहाटे शक्यच नाही. संध्याकाळचं विचारून बघते.

मेधा_कोथरूड

दुर्वा, तुझ्या पोस्टमधल्या त्या आईच्या जागी मी आहे. माझ्या मुलीचा आजार कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सुरू झाला.

स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं धायरीला केंद्र आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. ज्या गोष्टीशी घरात झगडलो त्यासाठी आपल्या गावाकडे काही उभं राहावं म्हणून त्यांनी १९९७ साली पुण्यात ही संस्था सुरू केली. म्हणजे सुरुवातच एका घरातून झालेली आहे. तिथे आजार असलेल्यांना शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्यांना शुभंकर. आधारगटाच्या बैठका होतात, दिवसा काही ना काही कामंही चालतात. वेळापत्रक बदलत असतं, आधी फोन करून विचार.

बैठकीत होतं काय, तर सगळे गोल बसतात आणि ज्याला वाटेल तो बोलतो. आमची लेक पहिल्यांदा गेली तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर पायात चप्पल तशीच ठेवून बसली, कधीही उठून जाता यावं म्हणून. कुणी "आत ये" म्हणाल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वेळी तिने चप्पल काढली. बऱ्याच बैठका गेल्या, मग एक मुलगा म्हणाला की गोळ्यांनी वजन वाढलंय, जुने शर्ट येत नाहीत. त्यावर ही पटकन म्हणाली, "माझेही ड्रेस येत नाहीत." तिथलं तिचं ते पहिलं वाक्य.

निशाचर

मी जरा वेगळं लिहितो, मेधाताईंनी राग मानू नये.

आम्ही धाकट्या भावासाठी एका दिवसभराच्या केंद्रात (नाव लिहीत नाही, पुण्यातलंच) प्रवेश घेतला होता. सगळे आजारीच. दिवसभर कागदी पिशव्या करायच्या. भाऊ महिन्याभरात म्हणाला, "घरात मी पेशंट, बाहेर पडलो तरी पेशंटच." त्याला हवी होती साधी माणसं. शेवटी घराजवळच्या वाचनालयात नाव घातलं. ग्रंथपालबाई त्याला मासिकं वेगळी काढून ठेवतात आणि दोन दिवस गेला नाही तर "कुठे होतात?" म्हणून विचारतात. एवढंच, पण त्याला ते पुरतं.

बेल्जियममध्ये गेल नावाचं गाव आहे. तिथली साधी कुटुंबं मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतात. ही पद्धत शेकडो वर्षं चालत आलेली आहे. शेतात, स्वयंपाकघरात, बाजारात सगळीकडे ते घरच्यांसारखेच वावरतात. वेगळा गट करणं म्हणजे पुन्हा एक भिंत उभी करणं, असं माझं मत आहे.

पेठेतला

भिंतीवरून आठवलं. आमच्या मंडळात एक काका आहेत, साठीचे. आजार जुना, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. उत्सवात पावतीपुस्तकांचा हिशोब त्यांच्याकडे असतो. कुठलं पुस्तक कुणाकडे, कितव्या नंबरपर्यंत फाडलं, सगळं त्यांच्या वहीत. ढोल-ताशा आणि स्पीकर त्यांना सहन होत नाही, म्हणून संध्याकाळी ते मांडवात नसतात. सकाळच्या आरतीला येतात, पुस्तकं मोजून घेतात, प्रसादाची वाटी घेऊन घरी. नवीन आलेल्या कार्यकर्त्याला आधी सांगितलं जातं, पावतीपुस्तक हरवलं तर काकांना उत्तर द्यावं लागेल. सगळे टरकून असतात :)

एका वर्षी ते दवाखान्यात होते तर हिशोब लागता लागेना. परत आल्यावर पोरांनी अक्षरशः हात जोडले.

कराडकर

तुम्ही पुणेकर नशीबवान. आमच्याकडे गट नाही, केंद्र नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर अर्धा दिवस जातो. वाचतोय.

साधी_माणूस

मला स्वतःला हा आजार आहे म्हणून लिहिते. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत "न्या", "घाला", "ठेवा" असंच आहे. दुर्वाताई, भावाला विचारलंत का?

गट की गल्ली, हा प्रश्न मला पडत नाही. दोन्हीकडे वेगवेगळं मिळतं. गटात मी "आज आवाज कमी आहेत" (आजारात ऐकू येतात ते) असं पावसापाण्याच्या गप्पांसारखं सहज म्हणू शकते. कुणी दचकत नाही, लगेच डॉक्टरला फोन लावत नाही. ही मोकळीक गल्लीत मिळणार नाही. आणि गल्लीत मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते तिथे मी फक्त अकराला येणारी मॅडम आहे. ही मोकळीक गटात मिळत नाही.

गोळ्यांनी माझे हात थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजतो. लोक आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. दुकानाच्या मालकांनी पहिल्या दिवशी पाहिलं, दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी अर्धा चहा मोठ्या ग्लासात येऊ लागला. त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तुम्ही जी माणसं शोधताय ना, ती अशी असतात.

निशाचर, कागदी पिशव्यांचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मीही केल्यात. पण दोष गटाचा नाही, त्या कामाचा आहे. ती पिशवी कुणाला हवी होती?

निशाचर

साधी_माणूस, तुमचं शेवटचं वाक्य पटलं. दोन्हीकडे वेगळं मिळतं हेही. माझा विरोध गटाला नाही, "तेवढंच पुरे" म्हणण्याला आहे, असं आता लिहितो.

आनंदयात्री७२

इतकी वर्षं गोळ्या म्हणजे शरीराची वाटच. सुस्ती त्यामुळेच येते. ब्राह्मी, शंखपुष्पी, रोज प्राणायाम सुरू करा आणि गोळ्या हळूहळू कमी करा. माझ्या ओळखीत एक जण पूर्ण बरा झाला.

मेधा_कोथरूड

आनंदयात्री, हात जोडून सांगते, असं लिहू नका. आमच्याकडे असाच सल्ला ऐकून एका नातेवाइकाच्या आग्रहाखातर गोळ्या थांबवल्या गेल्या होत्या आणि लेकीचं एक अख्खं वर्ष त्यात गेलं. प्राणायाम जरूर करा, पण गोळ्यांसोबत.

संचालक

औषधं कमी किंवा बंद करण्याचे सल्ले कृपया इथे देऊ नयेत. सुस्ती जास्त असेल तर डॉक्टरांशी बोलावं. डोस, वेळ, औषध बदलता येतं. त्यावरची पुढची चर्चा काढून टाकली आहे.

भेटीगाठी

मी मनोसामाजिक कार्यकर्ती आहे, घरभेटी करते. दुर्वाच्या पोस्टमधल्या "दहाला उठतो, गच्चीवर फेऱ्या" यावर थोडं लिहिते, कारण घरोघरी यावरूनच भांडणं होतात.

या आजारात भास आणि संशय असतात, तसंच उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, कशातच गोडी न वाटणं हेही असतं. गोळ्या पहिल्या भागावर चांगलं काम करतात, दुसऱ्यावर बऱ्याच कमी. म्हणून "भास गेले, आता आळशीपणा करतोय" असं घरच्यांना वाटतं. तो आळस नव्हे, आजाराचाच उरलेला भाग आहे. तिथे माणसं, काम आणि दिनक्रम यांचाच उपयोग होतो, तोही हळूहळू.

आपल्याकडे याचा नीट अभ्यास झाला आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत २८२ जणांवर. काहींना दवाखान्यातले नेहमीचे उपचार, आणि काहींना त्यासोबत स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटी. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, त्याच भागातली प्रशिक्षण दिलेली माणसं होती. वर्षभराने घरभेटीवाल्यांची परिस्थिती थोडी जास्त सुधारलेली दिसली, विशेषतः रोजच्या व्यवहारात. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. "थोडी" हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. चमत्कार झाला नाही. पण थोडी म्हणजे कुणी एकटा दुकानात जाऊ लागला, कुणी पुन्हा शेतावर. घरच्यांना विचारा तो फरक केवढा असतो.

@कराडकर, अभ्यासातला सातारा तुमचाच जिल्हा. आत्ता लगेच काही हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू, फुकट, मराठीत बोलता येतं. त्याने मित्र मिळणार नाहीत, पण बोलायला कुणीतरी असेल. आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा.

आणखी एक. न्यूयॉर्कला १९४८ साली 'फाउंटन हाऊस' सुरू झालं. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेले काही जण एकमेकांना भेटत राहिले, त्यातून ते उभं राहिलं. तिथे येणारा पेशंट नसतो, सदस्य असतो. स्वयंपाक, टपाल, हिशोब, सगळं सदस्य आणि कर्मचारी मिळून करतात. मुद्दामहून कमी माणसं पगारावर ठेवतात, म्हणजे सदस्य आले नाहीत तर काम अडतं. पेठेतल्या काकांची वही बघा. तेच तत्त्व आहे.

पेठेतला

आमचं मंडळ न्यूयॉर्कला पोचलं म्हणायचं! काकांना उद्याच सांगतो.

कराडकर

भेटीगाठी, आभार. नंबर लिहून घेतला.

वस्तीतली_आशा

मी आशा कार्यकर्ती आहे. वाचून एक वाटलं. तुमच्या सोसायट्यांत दारं बंद असतात म्हणून हा प्रश्न जास्त अवघड होतो. आमच्याकडे दहा बाय दहाची खोली, दार दिवसभर उघडं. कुणी दोन दिवस दिसलं नाही तर शेजारीण आत डोकावते. आमच्या गल्लीतल्या एका ताईंना नळाला पाणी आलं की हाक मारायचं काम आहे. त्या सगळ्यांच्या आधी जाग्या असतात. त्यांचं कुणी चेष्टेवारी नेत नाही, कारण त्यांनी हाक मारली नाही तर हंडे रिकामे.

पण वस्तीत सगळं गोड आहे असंही नाही. अंगात आलं म्हणून फिरवतात, पोरं दगड मारतात, मोलमजुरी बुडते म्हणून दवाखान्यात न्यायला कुणी नसतं. बाईचं असेल तर माहेरी सोडून मोकळे होतात. पुण्यात बापू ट्रस्ट वस्त्यांमध्ये 'सेहेर' नावाने काम करतो. भार्गवी दावर यांनी ती संस्था सुरू केली. संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जातात, गल्लीतल्या बायकांना बोलतं करतात, आजारी माणसाभोवती चार जणांचं कडं तयार करतात. रेशनकार्ड, दवाखाना, घरातली भांडणं, सगळं त्यात येतं. दावरताई जबरदस्तीच्या उपचारांच्या ठाम विरोधात होत्या.

सोसायटीचा_सेक्रेटरी

शेजाऱ्यांना किती सांगावं, यावर अनुभवाचं लिहितो. आमच्या सोसायटीत असं एक कुटुंब आहे. त्यांनी वॉचमन, मी आणि समोरच्या काकू, तिघांनाच सांगितलं. काय आहे, काय दिसलं तर घाबरायचं नाही, काय दिसलं तर कुणाला फोन करायचा. बास. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळीच नको. आमच्या ग्रुपवर टँकरवरून तीन दिवस महाभारत चालतं, तिथे हा विषय टिकणार नाही.

वॉचमनला सांगितल्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. तो मुलगा रोज खाली येऊन त्याच्याशी क्रिकेटवर बोलतो. आम्ही कमिटीवाले आठ वर्षांत जेवढं बोललो नाही तेवढं.

मंदार_बिबवेवाडी

मी सांगण्याच्या विरोधात आहे. आम्ही विश्वासाने एकाला सांगितलं, वर्षभराने भाडेकरार वाढवायला घरमालक नाही म्हणाले. कारण कुणी सांगितलं नाही, पण कळायचं ते कळलं. स्वतःचं घर असेल तर सांगा. भाड्याने राहत असाल तर दहादा विचार करा.

सोसायटीचा_सेक्रेटरी

मंदार, हे वाईट झालं. तुमचा मुद्दा बरोबर आहे, भाडेकरूचं गणित वेगळं असतं.

कायद्याचं_बोला

दुर्वा यांनी थेट विचारलेलं नाही, पण आई-वडील पंचाहत्तरीचे आहेत म्हटल्यावर लिहायलाच हवं.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला मे २०१८ मध्ये. त्याच्या कलम १९ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा हक्क आहे. केवळ घरच्यांनी नाकारलं किंवा राहायला घर नाही म्हणून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. अर्ध्या वाटेवरची घरं (हाफवे होम, रुग्णालयातून सुटल्यावर काही काळ राहायची), गटाने राहायची घरं अशा सोयी उभारणं सरकारचं काम आहे. हा कायदा घडवण्यात पुण्यातल्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात सोयी किती झाल्या ते आपण बघतोच आहोत, पण मागायला आधार आहे.

भावाला दोन गोष्टी आजच करता येतील. एक, पुढे कधी आजार बळावला तर कोणते उपचार हवे आणि कोणते नको, हे आगाऊ लिहून ठेवणं. दोन, त्याच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमणं. आई-वडीलच हवेत असं नाही, बहीण चालते, मित्रही चालतो.

वडील कुठून निवृत्त झाले?

दुर्वा_वाकड

बाबा पोस्टातून निवृत्त झाले.

कायद्याचं_बोला

मग हे महत्त्वाचं. केंद्र सरकारच्या नियमांत, मानसिक विकलांगतेमुळे स्वतः कमावू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. बाबा हयात असतानाच त्याचं नाव पेन्शनच्या कागदात घालून घ्या, नंतर फार वणवण होते. विकलांगतेचा दाखला लागेल.

मंदार_बिबवेवाडी

दाखल्याबद्दल विचारायचंच होतं. एकदा विकलांगतेचं कार्ड घेतलं की कायमचा शिक्का नाही का बसत? माझी बायको (तिला बायपोलर आहे) ठाम नाही म्हणते.

भेटीगाठी

मंदार, तिचा निर्णय तिचाच. सक्तीचं काही नाही आणि कार्ड कुणाला दाखवायचं तेही तिच्या हातात.

माहितीसाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. विकलांगता ४० टक्के किंवा जास्त भरली तर बहुतेक योजना लागू होतात, संजय गांधी निराधार योजनेसारख्या काहींना उत्पन्नाची अटही आहे. ऑनलाइन अर्ज करून तपासणीला बोलावतात. टक्के मोजताना चार बाजू बघतात: स्वतःची काळजी घेणं, माणसांत वागणं, बोलणं आणि समजणं, काम. शिवाय आजार किती वर्षं आहे ते. फाईल नीट लावून न्या, जुनी डिस्चार्ज कार्डंही. आणि तपासणीच्या दिवशी भावाला मुद्दाम नटवून, "नीट बोल हं" सांगून नेऊ नका. घरचे लाजेपोटी तसं करतात आणि मग टक्के कमी भरतात.

साधी_माणूस

मी कार्ड घेतलं. मला शिक्का वाटला नाही. माझ्या मैत्रिणीला वाटला, तिने घेतलं नाही. दोघी एकत्र फिरतो.

टेकडीवाला

विषयांतर, पण माझे वडील पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना जायचे. तिथेही शुभार्थी-शुभंकर असंच म्हणतात. बाबांचा आजार काही हटला नाही, पण सहलीच्या आदल्या दिवशी टोपी काढून ठेवायचे. दुर्वाच्या आईलाही सोबत न्या. शुभंकरांचं बोलणं ऐकायलाही कुणी हवं.

मेधा_कोथरूड

+१. शुभंकरांची बैठक मला जास्त गरजेची होती. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पतींच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, त्याचं मोल तिथे गेलेल्या बायका सांगतात. तसंच हेही. दुर्वा, तुझ्या आईला म्हणावं, लग्नाला जा. तासाभरासाठी घरी कोण थांबणार, एवढाच प्रश्न आहे, तो सुटतो.

निशाचर

सगळ्यात मोठा प्रश्न कुणी बोलत नाहीये. आई-बाबांनंतर कुठे? खासगी केंद्रांची महिन्याची फी मध्यमवर्गाला झेपत नाही आणि येरवड्याचं नाव काढलं की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. दोन हजारांवर खाटांचं रुग्णालय, त्यात माझा भाऊ म्हणजे एक नंबर.

भेटीगाठी

चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेचं 'होम अगेन' बघा. रुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायका चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात. सोबतीला त्याच भागातली एक मदतनीस. स्वयंपाक, बाजार, देवळात जाणं, शेजाऱ्यांशी कुरकुरही, सगळं त्यांचं त्या करतात. आपल्याकडे चार कुटुंबांनी एकत्र येऊन असा फ्लॅट चालवायला काय हरकत आहे? मी हे शुभंकरांच्या बैठकीत दरवेळी मांडते. माना डोलतात, पुढे सरकत नाही, कारण चार कुटुंबांनी एकमेकांवर विश्वास टाकायला आधी वर्षभर ओळख लागते. म्हणूनही गटात जा असं म्हणते.

निशाचर

हे मला नवीन आहे. मी अशा बैठकीला येईन. खरंच येईन.

वस्तीतली_आशा

मदतनीस बाईला पगार नीट द्या बरं का. नाहीतर तीही सोडून जाते आणि घर मोडतं.

दुर्वा_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार. साधी_माणूस, तुम्ही म्हणालात तसं रविवारी दादालाच विचारलं. हा धागा वाचून दाखवला, काही प्रतिसाद त्याने दोनदा वाचायला लावले. अर्ध्या चहाच्या ग्लासाचा त्यातला एक.

त्याने विचारलं, "तिथे बोलावं लागेल का?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, "गाणी-बिणी म्हणायला लावणार असतील तर मी येणार नाही." मी फोन करून विचारलं, सक्ती नाही म्हणाले. दुसरी गोष्ट त्याने आपणहून सांगितली, ती मला माहीतच नव्हती. आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या मोटरचा आवाज गेले काही दिवस बिघडलाय. बेअरिंग जातंय, असं त्याचं म्हणणं. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना तो टाकीपाशी थांबून तेच ऐकत असतो. आम्हाला वाटायचं उगीच उभा राहतो.

सेक्रेटरी तुमच्यासारखे नाहीत आमचे, पण मी जाऊन बोलले. प्लंबर आला, बेअरिंगच निघालं. आता मोटर चालू-बंद करायची आणि टाकीची पातळी बघायची जबाबदारी दादाने घ्यावी का, असं त्यांनीच विचारलंय. दादा म्हणतो, सकाळची वेळ दहानंतर असेल तर. नवाच्या पाण्यावरून दोन फ्लॅटवाले कुरकुरतायत.

पेठेतला

कुरकुरणाऱ्यांना सांगा, आधी बेअरिंग कुणी ओळखलं ते. दहा म्हणजे दहा!

सोसायटीचा_सेक्रेटरी

सकाळची पाळी वॉचमनकडे द्या, दुपार-संध्याकाळ दादांकडे. वही ठेवा, वेळ लिहून सही. आणि मानधन द्या. आमच्याकडे टाकीचं काम बघणाऱ्याला देतात, मग त्यांना का नाही? फुकट करून घेऊ नका.

साधी_माणूस

मानधनाला जोरदार +१. आणि एखाद्या दिवशी नाही जमलं तर काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवा. माझे वाईट दिवस येतात तेव्हा मी दुकानात फक्त "आज नाही" एवढा मेसेज टाकते. कारण विचारत नाहीत. हे ठरलेलं आहे म्हणून मी टिकले.

दुर्वा_वाकड

दोन्ही नोंदवलं. सेक्रेटरींना उद्या सांगते. मंदार, भाडेकराराचं काही जमलं का?

मंदार_बिबवेवाडी

दुसरीकडे मिळालं, कात्रजला. यावेळी कुणाला काही सांगितलं नाही अजून. बायको म्हणते, खालच्या मजल्यावरच्या आजी चांगल्या वाटतात, दिवाळीनंतर बघू. धायरी तिथून जवळ आहे, तिला एकदा यायचंय. शुभंकर म्हणून नवरे पण असतात का, की सगळे आई-वडीलच?

मेधा_कोथरूड

नवरे कमी असतात, म्हणून तर या. दुर्वा, निशाचर, मंदार, पुढच्या बैठकीची तारीख कळली की तिघांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दुर्वा, दादाला दाराजवळची खुर्ची हवी असेल तर आधी सांग, मी लवकर येऊन धरून ठेवते.